इंटरनेटची जडणघडण : वाट, पत्ता आणि विश्वास

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी इंटरनेटच्या मूलतत्त्वांविषयी बोलण्याची संधी विश्वस्तांनी मला दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. विषय तंत्रज्ञांचा वाटला, तरी आज तो आपल्या दुकानाच्या गल्ल्यापर्यंत आणि घरातील ज्येष्ठांच्या पेन्शनपर्यंत येऊन पोहोचला आहे. ज्या वाटेने आपला पैसा ये-जा करतो, त्या वाटेवर कशाची हमी आहे आणि कशाची नाही, हे प्रत्येक गृहस्थाला ठाऊक असणे अगत्याचे आहे.

जुन्या टेलिफोन पद्धतीत दोन माणसे बोलत असेपर्यंत एक संपूर्ण मार्ग त्यांच्यासाठी राखून ठेवला जाई. ती गप्प बसली तरी तो मार्ग इतरांच्या उपयोगी पडत नसे. १९६०च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे एक निराळा विचार मांडला. संदेशाचे लहान तुकडे करावेत, प्रत्येकावर पत्ता घालावा आणि ज्याला जी वाट मोकळी मिळेल तिने त्याला जाऊ द्यावे, असा तो विचार होता. या तुकड्याला डेव्हिस यांनी 'पॅकेट' हे नाव दिले. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अर्पानेट या जाळ्यावरून लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे पहिला संदेश निघाला. 'लॉगिन' हा शब्द पाठवायचा होता. 'एल' आणि 'ओ' ही दोन अक्षरे पोहोचली आणि यंत्रणा बंद पडली. एवढ्या लहान प्रारंभातून आजचा हा विस्तार झाला आहे.

पुढे अशी अनेक जाळी निर्माण झाली; परंतु प्रत्येकाची रीत वेगळी. त्यांना जोडण्याचा मार्ग व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये मांडला. प्रत्येक जाळ्याने आपली अंतर्गत रीत खुशाल ठेवावी. मात्र आपसातील देवाणघेवाणीसाठी सर्वांनी काही समान नियम पाळावेत. या नियमांनाच 'प्रोटोकॉल' म्हणतात. कालांतराने कामाची वाटणी होऊन आयपी आणि टीसीपी असे दोन नियम झाले आणि १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेटने ते अंगीकारले. भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली, तीही याच नियमांवर.

ही वाटणी व्यापाऱ्याला सहज समजेल. आपण ट्रान्सपोर्टने माल धाडतो, तेव्हा प्रत्येक नगावर पत्ता असतो. आयपीचे काम एवढेच, की नगावरील पत्ता पाहून तो पुढच्या नाक्याकडे रवाना करणे. या नाक्यांना 'राउटर' म्हणतात. नग पोहोचेलच, क्रमाने पोहोचेल, अशी कोणतीही हमी आयपी देत नाही. ३ मेगाबाइटचे छायाचित्र पाठविले, तर त्याचे सुमारे २,००० नग होतात. वाट चुकलेला नग अनंत काळ फिरत राहू नये, म्हणून त्यावर एक आकडा लिहिलेला असतो. प्रत्येक नाक्यावर तो एकाने कमी होतो आणि शून्य झाला की तो नग टाकून दिला जातो.

मग माल पुरा कसा पोहोचतो? ते काम टीसीपीचे. दोन्ही टोकांना जणू एकेक दक्ष मुनीम बसलेला असतो. पाठविणारा मालाला क्रमांक घालतो. घेणारा क्रम लावतो आणि पोच देतो. पोच आली नाही, तर तो नग पुन्हा धाडला जातो. नग गहाळ होऊ लागले, की वाटेवर गर्दी झाली असे समजून पाठविणारा आपला वेग कमी करतो. हा संयम पुरेसा नव्हता तेव्हा काय झाले, ते १९८६ मध्ये दिसले. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे जवळजवळच्या दोन ठिकाणांमधील वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून अवघ्या ४० बिटांवर घसरला. त्यानंतर व्हॅन जेकबसन यांनी वेग आवरण्याची रीत सिद्ध केली आणि १९८८ मध्ये ती प्रसिद्ध झाली.

या रचनेचे मर्म असे, की मधली वाट साधी आहे आणि जबाबदारी टोकांवर आहे. वाटेवरचा नाका नगाचा पत्ता पाहतो; पाठविणारा सज्जन आहे की ठक, हे पाहणे त्याचे काम नव्हे. म्हणूनच नवी सेवा सुरू करण्यासाठी मधल्या कोणाची परवानगी लागत नाही, आणि म्हणूनच फसवणाराही त्याच वाटेने आपल्या दारी येऊ शकतो. पारख करण्याचे काम टोकाला, म्हणजे आपल्याकडे राहते.

ती पारख नावापासून सुरू होते. यंत्रांचे पत्ते आकड्यांचे असतात; माणसाला नावे लक्षात राहतात. नावावरून आकडा शोधून देणारी 'डीएनएस' ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये रचली. तिच्यात नावाचा अधिकार उजवीकडून डावीकडे उतरतो. समजा, संदेशात 'आपलीबँक डॉट खातेतपासणी डॉट कॉम' असे नाव आले. ते आपल्या बँकेचे नव्हे. 'खातेतपासणी डॉट कॉम' हे नाव ज्याने घेतले, त्याचे आहे. डावीकडे त्याला हवे ते लिहिता येते. म्हणून पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपर्यंतचे नाव घ्यावे आणि ते उजवीकडून वाचावे. भारतीय रिझर्व्ह बँकेने देशातील बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या राखीव नावाखाली येण्यास सांगितले, त्यामागे हेच कारण आहे. हे शेवट बँकांखेरीज इतरांना मिळत नाही.

दुसरी गोष्ट कुलपाच्या चिन्हाची. 'एचटीटीपीएस'मुळे वाटेतील कोणाला आपला मजकूर वाचता वा बदलता येत नाही, आणि समोरच्याकडे त्या नावाचा ताबा आहे एवढे तपासले जाते. समोरचा प्रामाणिक आहे, असे त्यातून सिद्ध होत नाही. ठकालाही आपल्या नावासाठी असे प्रमाणपत्र विनामूल्य मिळू शकते. कुलूप पाहून लोक संकेतस्थळालाच विश्वासार्ह मानू लागले, म्हणून २०२३ मध्ये क्रोमने संगणकावरील आपल्या ब्राउझरमधून ते चिन्ह बदलले.

तेव्हा माझी नम्र विनंती आहे, की संदेशातील दुव्यावरून बँकेत जाऊ नये. नाव स्वतः लिहावे. घाई करण्यास सांगणाऱ्यापुढे क्षणभर थांबावे. फसवणूक झालीच, तर संकोच न बाळगता तत्काळ १९३० या शासकीय क्रमांकावर कळवावे. घरातील तरुणांनी हे नाव वाचण्याचे शिक्षण आजी-आजोबांना एकदा शेजारी बसून द्यावे. दहा मिनिटांचे हे काम आयुष्यभराची पुंजी राखू शकेल.