पाहुण्याची भाषा, यजमानाचा धर्म
(पुण्यातील परदेशी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



१९४८ साली औंध संस्थानचे राजपुत्र अप्पासाहेब पंत स्वतंत्र भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. केनिया तेव्हा ब्रिटिशांच्या टाचेखाली होता. तेथील तरुणांना आपल्या विद्यापीठांत शिकता यावे, म्हणून त्यांनी भारताच्या शिष्यवृत्त्यांचा पाठपुरावा केला. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या राष्ट्राने परतंत्र समाजाला दिलेले ते विद्यादान होते. पुढे मलावीचे राष्ट्राध्यक्ष झालेले बिंगू वा मुथारिका दिल्लीत शिकले. नायजेरियाचे ओलुसेगुन ओबासांजो यांनी याच पुण्यात लष्करी अभियांत्रिकीचे धडे गिरवले.

या विद्यार्थ्यांचे शिक्षण बहुधा इंग्रजीतून होते. आपली भाषा शिकण्याची सक्ती त्यांच्यावर नाही. तरीही काही जण आग्र्याच्या केंद्रीय हिंदी संस्थानात हिंदीचे रीतसर अध्ययन करतात, तर काही जण मंडईतल्या मावशींकडून मराठी उचलतात. खरे तर हा परिचय जुनाच आहे. स्वाहिलीत दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी' आणि लाखाला 'लाकी' म्हणतात! हिंदी महासागरावरील व्यापाराने शब्दांचीही ने-आण केली.

परंतु आपली भाषा आपलीशी करणाऱ्याला आपण आपले म्हणतो का? २०१६ च्या मे महिन्यात दिल्लीत काँगोच्या एका तरुणाचा क्षुल्लक वादातून बळी गेला. २०१७ च्या मार्चमध्ये ग्रेटर नोएडात जमावाने नायजेरियन विद्यार्थ्यांना मारहाण केली. 'वसुधैव कुटुंबकम्' म्हणणाऱ्या समाजाला हे शोभत नाही. वर्णभेदाविरुद्ध दक्षिण आफ्रिकेत गांधीजी उभे राहिले, हे आपण अभिमानाने सांगतो. मग केवळ वर्ण पाहून घर भाड्याने नाकारताना आपली मान खाली का जात नाही?

पुण्यानेच याचे उत्तरही दिले आहे. फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे रेक्टर असताना डॉ. शां. ब. मुजुमदार यांना एक दृश्य दिसले. काविळीने आजारी पडलेल्या मॉरिशसच्या विद्यार्थ्याला एक मुलगी खिडकीतून जेवण देत होती. परदेशी मुलांच्या एकाकीपणाची त्यांना जाणीव झाली आणि १९७१ साली 'सिम्बायोसिस' उभी राहिली.

संस्था उभारणे प्रत्येकाला साधणार नाही. पण खिडकीतून ताट पुढे करणे साधेल. शेजारच्या विद्यार्थ्याला सणासुदीला घरी बोलवा. त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीला इंग्रजीत उत्तर देऊ नका, मराठीतच द्या. त्याच्याकडून स्वाहिलीचे चार शब्दही शिका. उद्या तो मायदेशी परतेल. तेव्हा पदवी त्याच्या पेटीत असेल. भारत मात्र आपण जसा दाखवू तसाच त्याच्या मनात असेल.