पावकी, अडीचकी आणि काट्यावरचा आकडा



व्यापारी समाजाचा इतिहास सांगताना पेढ्यांची नावे घेतली जातात, धर्मशाळा व पाठशाळा यांचा गौरव होतो. परंतु ज्या तोंडी गणितावर त्या पेढ्यांचा रोजचा व्यवहार उभा होता, त्याचा उल्लेख क्वचितच होतो. आजच्या व्याख्यानाचा विषय ते गणित आणि त्याच्याबरोबर अस्तंगत झालेली साधने हा आहे.

सुमारे दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत महाराष्ट्रातील अनेक घरांत दिवेलागणीच्या वेळी परवचा म्हटला जाई. बे ते तीसपर्यंतचे पाढे झाले की अपूर्णांकांचे पाढे सुरू होत. पावाची पावकी, अर्ध्याची निमकी, पाऊणाची पाऊणकी, सव्वाची सवायकी, दीडाची दिडकी, अडीचाची अडीचकी आणि साडेतीनाची औटकी. यांतला ‘औट’ हा शब्द आता केवळ ‘औट घटकेचे राज्य’ या वाक्प्रचारापुरता उरला आहे, आणि त्याचा अर्थ साडेतीन असा आहे हे सांगणारेही थोडेच. आजच्या विद्यार्थ्याला ही यादी म्हणजे निव्वळ घोकंपट्टी वाटेल. पण नेमके हेच अपूर्णांक का निवडले गेले, असा प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात नव्हे, तर दुकानातल्या तागडीत सापडते.

दोन पारड्यांची तागडी हे मुळात निम्मे करण्याचे यंत्र आहे. शेरभर धान्य दोन्ही पारड्यांत दांडी समतोल होईपर्यंत वाटले की कोणतेही वजन न वापरता अच्छेर मिळतो. अच्छेराचे दोन भाग म्हणजे पावशेर, पावशेराचे दोन म्हणजे अदपाव आणि त्याचेही दोन म्हणजे छटाक. चार वेळा निम्मे केले की सोळा भाग होतात. शेराचे छटाक सोळा आणि रुपयाचे आणेही सोळाच. त्यामुळे वस्तूचा भाव जितके रुपये शेर, तितके आणे छटाक. हिशेब करावाच लागत नसे. मापानेच तो करून ठेवलेला होता.

अडीचकीचे रहस्य याहून मनोरंजक आहे. चाळीस शेरांचा एक मण. अडीच रुपयांचे आणे होतात चाळीस. म्हणजे अडीच रुपये मण हा भाव आणि एक आणा शेर हा भाव एकच. गुळाचा घाऊक भाव वीस रुपये मण निघाला, तर किरकोळ शेर कितीला द्यायचा? अडीचकीत वीस हा आकडा आठाच्या ओळीला येतो. म्हणून आठ आणे शेर. दुकानदार पाढा उलटा वाचत असे, इतकेच. पाऊणकीचेही तसेच. पाऊण रुपयाचे बारा आणे, म्हणून पाऊण रुपया डझन म्हणजे नगाला एक आणा. नारळ तीन रुपये डझन असतील, तर पाऊणकीत तीन हा आकडा चाराच्या ओळीला; नारळ चार आण्यांना. हे पाढे म्हणजे घाऊक बाजारातून किरकोळ बाजारात जाण्याच्या किल्ल्या होत्या.

अपूर्णांकांविषयीचा हा आदर फार जुना आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट नृपती अमोघवर्ष याच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यातील ‘कलासवर्ण’ हा व्यवहार संपूर्णपणे अपूर्णांकांना वाहिलेला आहे. या ग्रंथाची हिंदी अनुवादासह आवृत्ती १९६३ साली सोलापूर येथून प्रसिद्ध झाली, ही महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट होय. त्याच सुमारास बाजारपेठेतील अपूर्णांक मात्र निरोप घेत होते.

कारण १९५५ सालच्या नाणे दुरुस्ती कायद्यान्वये १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आण्याला सव्वासहा नवे पैसे येत. पण पाव पैशाचे नाणे नव्हते. म्हणून एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना पंचवीस असे कोष्टक ठरले. आण्याची वस्तू चार वेळा घेणाऱ्याला चोवीस पैसे पडत आणि एकदम चार घेणाऱ्याला पंचवीस! १ जून १९६४ पासून ‘नवा’ हे विशेषण गळाले. दरम्यान १९५६ चा वजनमापे कायदा १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने अमलात आला आणि १९६२ पर्यंत शेर-मण कायदेशीर व्यवहारातून गेले.

यानंतर अडीचकीला कुलूपच उरले नाही. क्विंटलचा भाव जितके रुपये, तितके पैसे किलोला. हे सोपेपण हाच सुधारणेचा हेतू होता आणि तो सफल झाला, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. मुलांचे तोंडी गणित गणकयंत्राने बिघडवले, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. ती अपुरी आहे. खिशातील गणकयंत्र दुकानादुकानांत दिसू लागले ते पुष्कळ वर्षांनी. हे पाढे तत्पूर्वीच शेराबरोबर निरर्थक झाले होते.

जुन्या काळाचे गुणगान करताना आणखी एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य नव्हे. हे गणित सर्वांचे नव्हते. ते पेढीवर बसणाऱ्या मुलांना मिळे. कर्ज काढणाऱ्या कुणब्याला, बाजारहाट करणाऱ्या स्त्रीला ते बहुधा मिळत नसे. रुपयाला महिना एक पैसा व्याज हे ऐकायला किती अल्प वाटते! पण तेव्हा रुपयाचे पैसे चौसष्ट होते. वर्षाचे बारा पैसे म्हणजे शेकडा पावणेएकोणीस. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला, तेव्हा जमावाचा रोख प्रामुख्याने सावकारांच्या खतांवर आणि रोख्यांवर होता. ऋणकोला वाचता न येणारा आकडा काय करू शकतो, याचे ते उदाहरण व्यापारी समाजाने विसरू नये. आज दूध संकलन केंद्रावर शेतकऱ्याच्या हाती लिटर, फॅट, दर आणि रक्कम छापलेली चिठ्ठी पडते. तिला परवच्यापेक्षा हीन लेखणे अन्यायाचे होईल.

तरीही काहीतरी हरवले आहेच, आणि ते पाढ्यांहून मोलाचे आहे. ते म्हणजे अदमास. सव्वा किलो डाळ, दर ऐंशी रुपये किलो. सवायकीत आठाला दहा, म्हणून रक्कम शंभर. हे उत्तर वस्तू पारड्यात पडण्यापूर्वीच गिऱ्हाइकाच्या मनात तयार असे. आता इलेक्ट्रॉनिक काटा वजन, दर आणि रक्कम तिन्ही आकडे उजळून दाखवतो. दर टाकताना चुकून एकशे ऐंशी टंकला गेला, तर तोच काटा दोनशे पंचवीस हा आकडाही तितक्याच शांतपणे दाखवील. वैधमापन शास्त्र विभागाची मोहर काट्याच्या अचूकतेची ग्वाही देते. काट्यावर कोणता दर टंकला गेला याची ग्वाही ती देऊ शकत नाही. ती ग्वाही पूर्वी समोरासमोर उभ्या असलेल्या दोन डोक्यांत असे. एकाने रक्कम उच्चारली की दुसरा ओठांतल्या ओठांत ती पडताळून पाही, आणि घासाघीस होई ती याच क्षणी. २०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून सुट्ट्या पैशांची मोजणीही उरली नाही. गल्ल्यावरची पेटी रक्कम जमा झाल्याची घोषणा करते. ती रक्कम बरोबर होती की नाही, हे विचारणारा आवाज मात्र त्या गडबडीत ऐकू येत नाही.

नाण्यांचे अवशेषही सरले. पंचवीस पैशांचे, म्हणजे लोकांच्या तोंडच्या चार आण्यांचे नाणे जून २०११ अखेर चलनातून रद्द झाले. शब्द मात्र चिवट असतात. ‘सोळा आणे खरे’ असे आण्याचे तोंडही न पाहिलेली मुले म्हणतात.

सराफीत तर शब्द टिकला आणि माप बदलले. बारा मासांचा, शहाण्णव गुंजांचा जुना तोळा ११.६६ ग्रॅम भरे. आज महाराष्ट्रात सराफाच्या दुकानी तोळा म्हटला की दहा ग्रॅम समजले जातात. यंत्राला हा भेद ठाऊक नसतो; त्याला ग्रॅम तेवढे कळतात. जुन्या घराण्यांतून १९५० च्या आगेमागे झालेली वाटणीपत्रे आजही पेट्यांतून निघतात आणि त्यांत ‘सोने दहा तोळे’ असे शब्द असतात. वारसांपैकी एखादा त्याचे शंभर ग्रॅम धरून दागिने वाटायला बसला, तर प्रत्येक दहा तोळ्यांमागे साडेसोळा ग्रॅमहून अधिक सोन्याचा फरक पडेल. काटा शंभर दाखवील, आणि ते शंभर अगदी बरोबर असतील.