इंजिनिअरचा मालक कोण?



इंजिनिअरांच्या नीतीवर बोलायला एका कामगार कार्यकर्त्याला उभे केले, याचे काहींना नवल वाटले असेल. मलाही वाटले. माझे शिक्षण वाचनालयातले. पण इंजिनिअरची सही चुकली की ती पहिल्यांदा मजुराच्या अंगावर येते, म्हणून आलो.

बोर धरणाच्या पाण्यावर आपल्या तालुक्यात ओलीत होते. धरण मातीचे, १९६५ साली पुरे झालेले. पानशेतचेही मातीचेच होते. १९६१ चा पावसाळा हा त्याचा पहिला. कामे अपुरी असताना पाणी अडवले गेले. पोटातल्या मोरीवरचा भराव खचू लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. पण १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले, लोंढ्याने खडकवासलाही गेले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या.

घाई कोणाची, हा वाद चौकशी आयोगापर्यंत गेला. मला छळतो तो प्रश्न निराळा. इंजिनिअरला काम सांगते सरकार, पगार देते सरकार. मग धरणाखाली झोपलेला माणूस त्याचा कोण? खटल्यात वकिलाला आपले अशील ठाऊक असते. इंजिनिअरला अशिले दोन, आणि दुसऱ्याने त्याचे तोंडही पाहिलेले नसते.

धनिकाचा दबाव ओळखता येतो. गरिबाने आणला तर?

एका जिनिंगच्या शेडची तपासणी होती. छपराच्या कैच्या गंजलेल्या. मालकाने बोलावलेला इंजिनिअर 'शेड बंद करा' असे लिहिणार, ही कुणकुण लागली. हंगाम ऐन भरात. मालकाला बोलावे लागलेच नाही, मीच गेलो. म्हणालो, "साहेब, आमच्या चुली विझतील. हंगाम निघू द्या, मग लिहा."

त्यांनी मला शेडमध्ये नेले, कैचीचा सांधा दाखवला आणि म्हणाले, "भाऊ, कोणत्या पाळीच्या डोक्यावर पडू देऊ तेवढे सांगा. तसे लिहितो."

मला उत्तर सुचले नाही. त्यांनी अहवाल दिला. आमच्या बाया दोन महिने घरी बसल्या. छप्पर उतरवले गेले, त्यामुळे ते पडले नाही, आणि साहेबांचे खरे होते हे कुणाला दिसलेही नाही. मालकाने त्यांना पुन्हा बोलावले नाही. कामगारांनी शिव्या दिल्या. एरवी एका कामगाराला काढले तर आम्ही फाटकावर ठाण मांडतो. त्यांच्यासाठी कोणी बसले नाही. मीही नाही.

तेव्हापासून आमच्या मागणीपत्रात एक कलम असते: धोक्यामुळे काम थांबले, तर त्या दिवसांची मजुरी मालकाने द्यावी. पहिल्याच बैठकीत ते खोडले जाते. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा लिहितो.