श्यामला उशिरा कळले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी आपल्या वर्धापनदिनाला कोणीतरी बाहेरच्या विदुषी बोलावण्याची आपली चाल आहे. यंदा कार्यकारिणीने ठरविले की, घरचीच कोणी बोलू दे, आणि ते काम माझ्यावर आले. मी काही वक्ती नव्हे. पोळ्या लाटणे आणि पुस्तके वाचणे या दोनच गोष्टी मला बऱ्या जमतात. त्यातल्या दुसऱ्या गोष्टीविषयी चार शब्द बोलते.

माझा विषय आहे साने गुरुजींची ‘श्यामची आई’. हे ऐकून तुमच्यापैकी काहीजणी मनात म्हणाल, त्यात नवे ते काय? शाळेत ते वाचले, त्यातले धडे पाठ केले, आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा चित्रपट पाहून पदर ओला केला. मीही असेच समजत होते. चांगल्या वळणाचे पुस्तक, मुलांना बक्षीस द्यायला उत्तम, इतकेच. परंतु २०२१ साली माझ्या घरात जे घडले, त्यानंतर हे पुस्तक मला अगदी वेगळे दिसू लागले. ते मी आज सांगणार आहे. सांगताना माझी एक चूकही सांगावी लागेल. ती मी लपवणार नाही.

त्या वर्षीचा एप्रिल महिना आपण कोणीच विसरलेल्या नाही. आपल्या पैठण रस्त्यावर त्या दिवसांत रुग्णवाहिकांच्या आवाजाने रात्री झोप लागत नसे. माझी धाकटी जाऊ आजारी पडली. तिला शहरात नेले आणि पाचव्या दिवशी ती गेली. तिची मुलगी त्या वेळी अकरा वर्षांची. मला ती ‘मोठी आई’ म्हणते. दीरही आजारी, म्हणून पोरगी माझ्याजवळ. ती रोज विचारी, “मोठी आई, आई कशी आहे?” आणि मी सांगे, “बरी होतेय गं, येईल.” जाऊ गेल्यानंतरही चार दिवस मी हेच सांगत राहिले. अंत्यदर्शन कोणालाच झाले नव्हते. मग कोवळ्या जिवाला कशाला सांगायचे, दीर घरी आले की सांगू, असे मी स्वतःला समजावीत होते. शेवटी पाण्याच्या टाकीपाशी शेजारची एक मुलगी तिला सहज बोलून गेली. पोर घरी आली, पण रडली नाही. माझ्याकडे नुसती पाहात राहिली. ती नजर मी अजून विसरलेले नाही.

त्यानंतर दोन महिने ती माझ्याशी कामापुरतेच बोले. शाळा बंद. घरात पुस्तके थोडीच. फडताळातली जुनी ‘श्यामची आई’ तिच्या हाती लागली. ती रोज थोडे थोडे वाची. एके रात्री मी कणीक मळीत होते, तेव्हा ती जवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मोठी आई, श्यामलापण उशिराच कळलं होतं का गं?”

भगिनींनो, मी पुस्तक तीनदा वाचले होते. पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्या रात्री मी शेवटची प्रकरणे पुन्हा काढून वाचली. आई कोकणात अंथरुणाला खिळलेली आणि श्याम शिक्षणासाठी दूर. तो घरी येतो तो सारे संपल्यावर. त्याच्या वाट्याला आईचा शब्द येत नाही, स्पर्श येत नाही. येते ती स्मशानातली राख. त्या प्रकरणाचे नावच ‘भस्ममय मूर्ती’ असे आहे. आपण ज्या मुलाला आज्ञाधारकपणाचा नमुना म्हणून पोरांपुढे उभा करतो, तो मुलगा मुळात उशिरा पोचलेला मुलगा आहे. सारे पुस्तक त्या उशिरा पोचण्यातून उगवले आहे.

गुरुजींच्या आई यशोदाबाई १९१७ साली गेल्या. पुस्तक लिहिले गेले १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात. अवघ्या पाच दिवसांत त्याचा बहुतेक भाग लिहून झाला असे सांगतात, आणि लोकांना त्या वेगाचे मोठे कौतुक वाटते. मला कौतुक वाटते ते आधीच्या सोळा वर्षांचे. मनात इतके भरून राहिले होते म्हणून ते पाच दिवसांत बाहेर आले. मुले विसरतात असे आपण म्हणतो. मुले विसरत नाहीत, ती गप्प राहातात.

आता पुस्तकाची रचना पाहा. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री आहेत. पण आईचा मृत्यू केव्हा येतो? अगदी शेवटी शेवटी. त्याआधी तो काय सांगतो? न्हाऊन झाल्यावर पायाला माती लागू नये म्हणून हट्ट धरला, तेव्हा आईने दगडावर पदर पसरला. मुक्या कळ्या तोडल्या म्हणून तिने समज दिली. पोहायला जायला भ्यालो म्हणून तिने चक्क मारले. म्हणजे आधी जिवंत आई, हसणारी, रागावणारी, गरिबीतही ताठ मानेने वावरणारी, आणि मग तिचे जाणे. आपण मात्र दुःखाच्या घरी जातो ते पहिला प्रश्न हाच घेऊन, “कसं झालं गं? शेवटी काही बोलली का?” शेवटच्या दिवसाची चौकशी दहाजणी करतात, ते माणूस कसे होते हे मुलांना कोणी विचारीत नाही.

आणखी एक गोष्ट. श्याम एकटा बोलत नाही. ऐकायला मित्र बसलेले असतात. ते मध्येच उपदेश करीत नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसतात. मला वाटते, त्या पुस्तकातले मोठे पुण्य सांगणाऱ्याइतकेच त्या ऐकणाऱ्यांचेही आहे.

या पुस्तकात कर्जही आहे, हे आपल्या मराठवाड्यातल्या बायकांनी विसरू नये. सावकाराचा माणूस दारात येऊन बोलतो, त्या अपमानाने आई आतून खचते. आपल्याकडे नापिकीने आणि कर्जाने कर्ता पुरुष गमावलेली घरे पंचक्रोशीत आहेत. तिथल्या पोरांना तर काय झाले हे उच्चारायचीही बंदी असते. अब्रूसाठी मोठी माणसे तोंड मिटतात, आणि पोर समजते की बापाचे नाव घेणे हाच गुन्हा.

अलीकडच्या पुस्तकांतलेही एक सांगते. बेळगावच्या कवयित्री इंदिरा संत यांचे पती ना. मा. संत १९४६ साली वारले. इंदिराबाईंचे दुःख पुढे त्यांच्या कवितेत आले, ते साऱ्या महाराष्ट्राने वाचले. पण त्याच घरात नऊ वर्षांचा मुलगाही होता. तो पुढे प्रकाश नारायण संत या नावाने लिहू लागला. त्याचे ‘वनवास’ १९९४ साली पुस्तकरूपाने आले, मग ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि त्याच्या मृत्यूनंतर ‘झुंबर’. त्यातला लंपन आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढतो. खोड्या करतो, हसवतो, आणि पुढे वडिलांचा मृत्यूही त्या गोष्टींत येतो. एका घरातला एकच मृत्यू. पण बायकोचे दुःख निराळे, लेकराचे निराळे. आपण सांत्वनाला जातो ते बहुधा एकीचेच करून परत येतो.

असो. माझ्या घरी पुढे काय झाले ते सांगून संपवते. त्या रात्री मी पुतणीला म्हटले, “हो, श्यामला उशिरा कळलं. आणि तुला मी उशिरा सांगितलं. चुकलं माझं.” लहानांची माफी मागायची आपल्याला सवय नाही, जीभ जड होते. ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी जेवताना आपणहून म्हणाली, “आईचं पिठलं नेहमी खाली लागायचं. बाबा ओरडायचे, आणि आई ती खरवड मलाच द्यायची.” आम्ही दोघी हसलो. मग दोघी रडलो. त्यानंतर रोज रात्री जेवणे झाली की, एक आठवण ती सांगे, एक मी सांगे. दीरही बसू लागले. किती रात्री झाल्या ते आम्ही मोजले नाही. वर्षश्राद्धाला पैठणला गोदावरीवर गेलो, तेव्हा तिने मला विचारले, “मी पाण्यात फूल सोडू का?” घरातल्या कोणीच नको म्हटले नाही.

ती मुलगी आता दहावी पास झाली आहे. तिच्या परवानगीनेच मी हे सारे बोलले.

मंडळाला माझी एकच विनंती आहे. कोणाच्या घरी वाईट घडले की आपण भाकरी-पिठले नेतो, ते चांगलेच आहे. पण आपल्यापैकी एकीने त्या घरातल्या मुलांपाशी बसावे, असा पायंडा पाडू या. खरे ते सोप्या शब्दांत सांगावे. “आता तूच घरची आई” असले ओझे पोरीच्या डोक्यावर ठेवू नये, आणि मुलाला “पुरुषासारखा पुरुष रडतोस काय” म्हणू नये. आठवडाभराने पुन्हा जावे, महिन्याने पुन्हा जावे, आणि बोललेच पोर, तर ऐकावे.

मंडळाच्या कपाटात ‘श्यामची आई’च्या दोन प्रती आहेत. एक फाटली आहे. ती मी शिवून देईन. दुसरी आज कोणीतरी घरी घेऊन जावी.