शेवटची नोंद एका लग्नाची
(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा संक्षेप)



आर्क्टिकच्या सफरीबद्दल आम्ही उभयतांनी बोलावं, असा मंडळाचा आग्रह होता. हिमनग आणि देवमासे यांचे फोटो शेवटी दाखवूच. पण बोलायचं आहे ते माणसांबद्दल. आमची सफर आखलेली होती ती जुन्या नॉर्स दर्यावर्दींच्या मार्गानं: आइसलंड, दक्षिण ग्रीनलंड आणि कॅनडातलं न्यूफाउंडलंड.

आमच्या जहाजावर रडार होतं, केबिन ऊबदार होती. त्यांच्याकडे होती ती उघडी लाकडी गलबतं. डेन्मार्कच्या रोस्किल्डे इथे १९६२ साली खाडीतून काढलेलं त्यांचं एक मालवाहू गलबत अवघं १६ मीटर लांब आहे. फळीवर फळी चढवून लोखंडी रिव्हेटांनी जोडलेली, वर लोकरीचं शीड. होकायंत्र नाही, सूर्य, पक्षी आणि लाटांचा रोख पाहून दिशा ठरवायची. आइसलंडचे जुने ग्रंथ सांगतात, की इसवी सन ९८५च्या सुमारास एरिक द रेडबरोबर २५ गलबतं ग्रीनलंडकडे निघाली आणि १४ पोहोचली. त्यांत बायकामुलं होती, गुरंमेंढरं होती. हे लोक लुटायला नव्हे, घर करायला निघाले होते.

काही जण आणखी पश्चिमेला गेले. न्यूफाउंडलंडच्या लान्स ओ मेडोज इथे १९६०मध्ये हेल्गे इंगस्टाड यांना नॉर्स घरांच्या खुणा सापडल्या; पुढचं उत्खनन त्यांच्या पत्नी अ‍ॅन स्टीन यांनी केलं. तिथलं लाकूड १०२१ साली तोडलेलं होतं, हे आता सिद्ध झालंय. म्हणजे कोलंबसाच्या पावणेपाचशे वर्षं आधी! तिथे सूत कातायच्या चातीची एक छोटी दगडी चकतीही मिळाली. ती पाहताना वाटलं, शोध पुरुषांच्या नावावर लागतात, पण घर उभं राहतं ते अशा चातीवर.

ती वस्ती थोडाच काळ टिकली. ग्रीनलंडची मात्र जवळजवळ साडेचारशे वर्षं. वालरसचे सुळे युरोपला पाठवायचे, तिकडून लोखंड आणायचं. हाडांच्या तपासणीवरून दिसतं, की सुरुवातीला त्यांचं अन्न मुख्यतः जमिनीवरचं होतं. शेवटी शेवटी ते बरंचसं समुद्रातलं, विशेषतः सीलचं झालं. कपडे मात्र युरोपच्या पद्धतीचेच राहिले. हेर्योल्फ्सनेसच्या दफनभूमीत १९२१ साली ते गोठलेल्या जमिनीत चांगल्या स्थितीत सापडले.

आम्ही ह्वाल्सीला उतरलो. तिथे चर्चच्या दगडी भिंती अजून उभ्या आहेत. सप्टेंबर १४०८मध्ये इथे थोरस्टेन आणि सिग्रिड यांचं लग्न लागलं. ते जोडपं पुढे आइसलंडला गेलं आणि लग्नाचे दाखले तिथे लिहून ठेवले गेले. ग्रीनलंडच्या नॉर्स लोकांची ही शेवटची लेखी नोंद. त्यानंतर सगळं शांत.

का? कारण एकच नाही. हवा थंड होत गेली. १३४९मध्ये प्लेगनं नॉर्वे हादरलं. हत्तीच्या दातांपुढे सुळ्यांना गिऱ्हाईक कमी झालं, असंही अभ्यासक मानतात. गलबतं विरळ झाली, मग बंद झाली. मुळात लोक दोन-अडीच हजारच. त्याच बेटावरचे इन्युइट मात्र त्या समुद्रात टिकले. आजही तिथे त्यांचेच वंशज आहेत.

मल्हाररावांच्या काळापासून माळव्यात राहिलेल्या आपल्यासारख्यांना हा इतिहास परका वाटत नाही. सकाळी पोहे-जिलेबी खाल्ल्यानं किंवा बोलण्यात हिंदी शिरल्यानं आपली मराठी बुडेल, अशी चिंता इथे नेहमी ऐकू येते. ग्रीनलंडवाल्यांनीही ताटातलं अन्न बदललं. त्यामुळेच ते इतके दिवस तगले, असं आम्हाला वाटतं. त्यांना महागात पडलं ते येणं-जाणं थांबणं.

म्हणून आम्हाला भीती वाटते ती वेगळीच. आपल्या किती मुलांना पुण्या-साताऱ्याची चुलत-मावस भावंडं नावानं माहीत आहेत? सुट्टीत कोण कोणाकडे राहायला जातं? आणि शेजारच्या माळवी घराशी आपला घरोबा किती? दोन्ही दारं उघडी हवीत. यंदा गणपतीत बाहेरगावचा एक तरी नातेवाईक आणि गल्लीतला एक तरी शेजारी आरतीला आणा, एवढंच सांगणं आहे.

आता दिवे मालवा, हिमनग दाखवतो.