केबलीवरील धातूच्या जाळीचे भूयोजन

(औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वीजतंत्री व तारतंत्री या व्यवसायांच्या प्रशिक्षणार्थींसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



कारखान्यातील हलत्या यंत्रांना वीज पुरविणारी केबल लवचिक असावी लागते. ती फरशीवरून ओढली जाते, तिच्यावरून हातगाड्या जातात, पत्र्याच्या धारदार कडांवर ती घासते. म्हणून अशा काही केबलींच्या अंगावर बारीक पोलादी तारांची विणलेली जाळी असते. आतील तारांचे रक्षण करणे हे तिचे काम. परंतु भूयोजन, म्हणजे नेहमीच्या बोलीतील अर्थिंग, केलेले नसेल तर हीच रक्षक जाळी घातक ठरते.

हे कसे घडते ते पाहावे. केबल चेपली जाऊन फेजची तार जाळीला टेकली, तर वरकरणी काहीच बिघडत नाही. यंत्र चालू राहते, फ्यूज उडत नाही. मात्र जाळीच्या संपूर्ण लांबीवर २३० व्होल्टचा दाब येऊन बसतो. वरचे वेष्टण फाटलेल्या ठिकाणी, ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या कामगाराचा हात लागतो. ओल्या शरीराचा रोध सुमारे १००० ओहम धरला, तर त्यातून २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. ३० मिलिअँपिअरच्या पुढचा प्रवाहही जिवावर बेतू शकतो. १६ अँपिअरच्या फ्यूजला मात्र एवढा प्रवाह जाणवतदेखील नाही. माणूस दगावतो आणि फ्यूज शाबूत राहतो.

जाळी अर्थिंगला जोडलेली असेल, तर चित्र पालटते. दोषप्रवाहाच्या संपूर्ण मार्गाचा रोध १ ओहम असल्यास २३० अँपिअर प्रवाह वाहतो व फ्यूज तत्काळ वितळतो. परंतु प्रवाह केवळ जमिनीतून परतत असेल आणि मार्गाचा रोध १० ओहम असेल, तर प्रवाह २३ अँपिअरच राहतो. फ्यूज वेळेवर उडेलच असे नाही. अशा ठिकाणी ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे आरसीसीबी हे उपकरण अर्थिंगच्या जोडीला असलेच पाहिजे.

आता प्रत्यक्ष कामातील दक्षता. जाळी कापून वर चिकटपट्टी गुंडाळणे ही सर्रास आढळणारी चूक होय. वीज येते त्या टोकाशी जाळी धातूच्या योग्य ग्लँडमध्ये सर्व बाजूंनी पकडली जावी व ते ग्लँड अर्थिंगला जोडलेले असावे. पेटी प्लॅस्टिकची असल्यास जाळीला लग बसवून स्वतंत्र तारेने अर्थच्या टर्मिनलला जोड द्यावा. जाळीचे सुटे धागे फेजच्या टर्मिनलजवळ राहू देऊ नयेत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. यंत्राच्या अर्थिंगसाठी एकट्या जाळीवर विसंबू नये. तिच्या तारा बारीक असतात. वारंवार वाकल्याने त्या तुटतात, ओलीने गंजतात. यंत्रासाठी केबलीतील हिरवी-पिवळी तारच हवी. प्लगमध्ये ती इतर तारांपेक्षा थोडी लांब ठेवावी, म्हणजे केबल ओढली गेली तरी ती सर्वांत शेवटी सुटेल. तीन पिनांच्या प्लगमधील अर्थची पिन लांब असते, ती याच विचाराने.

काम संपल्यावर वीजपुरवठा बंद ठेवून जाळी व अर्थ टर्मिनल यांत अखंड जोड आहे ना, हे मीटरने तपासावे. मेगरने फेज व जाळी यांमधील विसंवाहनही मोजावे. ते १ मेगओहमहून कमी भरल्यास ती केबल वापरातून काढावी.

यंत्रांच्या धातूच्या भागांना अर्थिंग करण्याचे बंधन १९५६ च्या भारतीय वीज नियमांतही होते. अर्थिंगच्या पद्धतीसंबंधीची भारतीय मानक ३०४३ ही संहिता १९८७ व २०१८ मध्ये सुधारण्यात आली. नियम कागदावर राहतात; त्यांना अर्थ येतो तो वीजतंत्र्याच्या हातातील पान्याने. ग्लँड आवळण्यास लागणारी पाच मिनिटे वाचवू नयेत. त्या केबलीला उद्या ज्याचा हात लागणार आहे, त्याच्या घरी कोणीतरी वाट पाहत असते.