दम फक्त कबड्डीचा



विषय आहे खेळातल्या धर्माचा, आणि आपण बसलो आहोत पेण-रोह्यात, कबड्डीच्या मुलखात. तेव्हा सुरुवात मैदानावरूनच करू. आपल्याकडे रात्री प्रकाशझोतात सामने रंगतात. मंडळाला बहुधा कुठल्या तरी दैवताचं नाव असतं. मैदान आखून झालं की नारळ वाढवतात. चढाईला निघालेला पोरगा मध्यरेषेला हात लावतो आणि तो कपाळाला नेतो. यावर कुणी हरकत घेत नाही, घेऊही नये.

पण नियम त्याची नखंही पाहतो. ती कापलेली हवीत, अंगाला तेल नको, आणि अंगावर दागिना तर नकोच. मग साखळीत क्रॉस असो, ताईत असो की सोन्याचा गणपती. पकडीच्या झटापटीत तो कुणाच्याही डोळ्यात जाईल, एवढंच कारण. मध्यरेषा ओलांडली की तोंडी एकच शब्द, कबड्डी. स्पष्ट आणि अखंड. त्याऐवजी दुसरं काही म्हणाल, अगदी देवाचं नाव घ्याल, तरी पंच चढाई थांबवून परत पाठवतो. मला हा नियम फार शहाणा वाटतो. 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचं प्रदर्शन केलं ते अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने. नावात हनुमान, दम मात्र कबड्डीचाच.

याच्या नेमकं उलट मुंबईच्या क्रिकेटने केलं. तिथे संघच धर्मावर पाडले. युरोपियन आणि पारशी आधीपासून होते. 1907 मध्ये हिंदू आले, 1912 मध्ये मुसलमान आणि 1937 मध्ये ‘शेष’. शेष म्हणजे या चारांपैकी कुणातच न बसणारे, ख्रिस्ती, ज्यू वगैरे. पेणकर, रोहेकर, अष्टमकर अशी आपल्याच गावांची आडनावं लावणारे बेने इस्रायली खेळायला उतरले असते, तर त्यांनाही हिंदू शेजाऱ्याविरुद्धच उभं राहावं लागलं असतं!

सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून ते शेष संघात. 1943च्या डिसेंबरमध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर या स्पर्धेचा अंतिम सामना झाला. हिंदूंकडून विजय मर्चंट यांनी नाबाद 250 केल्या. दुसऱ्या डावात शेष संघाच्या 387 धावा झाल्या, त्यातल्या 309 एकट्या हजाऱ्यांच्या. भाऊ विवेकबरोबर त्यांनी 300 धावांची भागी केली, तीत विवेकच्या धावा 21. तरी संघ डावाने हरला. हजाऱ्यांना शेष संघात ढकललं होतं ते स्पर्धेच्या रचनेने. आणि हिंदूंच्या संघात तरी सगळे एका पंगतीला होते का? पालवणकर बाळू हे त्या काळचे अव्वल डावखुरे फिरकी गोलंदाज. पण दलित म्हणून पुण्यात त्यांना चहा बाहेर, वेगळ्या भांड्यात मिळे. कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही; ते त्यांचे भाऊ विठ्ठल यांना 1923 मध्ये मिळालं. गांधीजींनी 1940 मध्ये या स्पर्धेला विरोध केला, ती बंद पडली 1946 मध्ये. त्याच वर्षी मर्चंट आणि हजारे एकाच भारतीय संघातून इंग्लंडला गेले.

आता अलीकडचं. 30 ऑक्टोबर 2025 रोजी नेरुळला, म्हणजे आपल्या शेजारीच, महिला क्रिकेट विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 केल्या. सामना जिंकल्यावर तिने रडत येशूचे आभार मानले. काही मंडळींना ते खटकलं. का बरं? शतकानंतर आभाळाकडे पाहणारा सचिन या मंडळींना कधी खटकला नव्हता. दोन वर्षं आधी, 14 ऑक्टोबर 2023 रोजी, अहमदाबादेत बाद होऊन परतणाऱ्या पाकिस्तानच्या मोहम्मद रिझवानच्या तोंडावर प्रेक्षकांनी ‘जय श्रीराम’चा गजर केला. जेमिमा आपल्या देवाशी बोलत होती. अहमदाबादेत देवाचं नाव पाहुण्याला डिवचायला वापरलं. पहिल्याला माझी हरकत नाही, दुसऱ्याला आहे, आणि तो देव माझा असला तर अधिकच.

पेण-रोह्यातल्या स्पर्धा भरवणाऱ्यांना म्हणून एक विनंती. नारळ जरूर वाढवा, हवी तर आरतीही करा. पण नाणेफेक झाली की माइकवरून गुण, चढाई आणि पकड एवढंच ऐकू येऊ द्या. आणि समोरच्या संघातल्या पोराला टोचायला कुणी देवाचं नाव घेतलं, तर निवेदकाने त्याला तिथल्या तिथे गप्प करावं.